ठरल्या वेळेचा घास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावे, असा कार्यकारिणीचा निरोप आला, तेव्हा विषयाच्या निवडीविषयी आम्ही काहीसे संकोचात पडलो. अशा प्रसंगी संतवाङ्मय, इतिहास किंवा नाट्यसंगीत यांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो उचितच आहे. परंतु त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे वक्ते या व्यासपीठाला कधी कमी पडले नाहीत. आमचे आयुष्य प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करण्यात आणि तो शिकविण्यात गेले. तेव्हा ज्या विषयाशी आमचा परिचय आहे, त्यातीलच एक साधा प्रश्न आज आपणांपुढे मांडावा असे ठरविले.

प्रश्न असा: एखाद्या प्राण्याला अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक अन्न मिळते अशी सवय लागली, आणि मग ते अन्न त्याला मिळाले नाही, कमी मिळाले किंवा भलतेच मिळाले, तर तो काय करतो? प्रश्न ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत त्याने जगातील अनेक उत्तम प्रयोगशाळांना काम पुरविले आहे आणि प्राण्याच्या मनाविषयी त्यातून पुष्कळ काही कळले आहे.

विषय प्रयोगशाळेतला असला, तरी तो आपल्या घरांना परका नाही. जेवणापूर्वी गाईचा आणि कावळ्याचा घास बाजूला काढण्याची रीत आपण या परमुलखात येतानाही बरोबर आणली. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तेथे माणूस पक्ष्याची वाट पाहतो. आज आपण या गोष्टीची दुसरी बाजू पाहणार आहोत.

आमच्या दाराशी रोज सकाळी नऊच्या सुमारास एक तांबडी गाय येत असे. तव्यावरची पहिली पोळी तिची, हा घरचा नेम होता. एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर गावी गेलो. परत आल्यावर शेजाऱ्यांनी हकीकत सांगितली ती अशी. पहिले काही दिवस गाय नेहमीच्या वेळी आली, उभी राहिली, हंबरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने शिंगांनी फाटक ढकलले आणि कडी निखळून पडली. पुढे ती थोडा वेळ थांबून निघून जाऊ लागली आणि अखेर येईनाशी झाली. मध्येच आठदहा दिवसांच्या खंडानंतर एका सकाळी मात्र ती पुन्हा येऊन उभी राहिली होती. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हकीकत फाटकाची होती. आम्हांला मात्र ती ऐकताना आपण वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवीत आलो, तेच कोणी घरी आणून दाखविल्यासारखे वाटले. त्या गाईने एका महिन्यात जे जे केले, त्यातील प्रत्येक पायरीचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. तो आता क्रमाने पाहू.

आरंभ अर्थातच इव्हान पाव्हलॉव्ह यांच्यापासून करावयाचा. १८४९ साली रशियातील रियाझान येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांच्या लालास्रावाचे मोजमाप करताना त्यांच्या ध्यानात आले, की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. मग त्यांनी एका ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकवून लगेच अन्न देण्याचा क्रम ठेवला, आणि काही काळाने नुसत्या आवाजानेच लाळ येऊ लागली. यालाच आपण अभिसंधान म्हणतो. येथवरची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही.

उत्तरार्ध असा, की आवाज ऐकवून अन्न दिलेच नाही, तर दर खेपेस लाळ कमी होत जाते आणि शेवटी येईनाशी होते. या क्रियेला विलोपन म्हणतात. यावरून कोणास वाटेल, की कुत्रा जुने शिकलेले विसरला. परंतु त्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा तोच आवाज ऐकविला, तर लाळ पुन्हा येते. म्हणजे अपेक्षा पुसली जात नाही, ती दबून राहते. खंडानंतर आमच्या फाटकाशी पुन्हा उभी राहिलेली गाय हे याचेच उदाहरण होय.

पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक प्रयोग झाला. कुत्र्याला वर्तुळ दाखविले की अन्न मिळे आणि लंबवर्तुळ दाखविले की मिळत नसे. कुत्रा हा भेद चांगला शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करीत नेले. त्याच्या दोन अक्षांचे प्रमाण नऊास आठ इतके जवळ आले, तेव्हा कुत्र्याला भेद करता येईना. आजवर शांत असलेला तो कुत्रा किंचाळू लागला, अंगाला हिसडे देऊ लागला, उपकरणे दातांनी तोडू लागला. इतकेच नव्हे, तर पूर्वी सहज ओळखता येणारा ढोबळ भेदही त्याला काही काळ साधेना. अन्न न मिळणे त्याने सोसले होते. मिळणार की नाही हे न कळणे मात्र त्याला सोसवले नाही.

आता येथे एक शंका संभवते. लाळ येणे ही शरीराची क्रिया झाली. तेवढ्यावरून प्राण्याच्या मनात काही अपेक्षा असते असे कसे म्हणावे? या शंकेचे फार चांगले उत्तर १९२८ साली अमेरिकेत टिंकलपॉ या संशोधकाने दिले. त्याने माकडासमोर दोन पेले ठेवले आणि त्याच्या देखत एका पेल्याखाली केळे लपविले. मग मध्ये पडदा धरून, माकडाच्या नकळत, केळे काढून तेथे लेट्यूसचे पान ठेवले. लेट्यूस ही पालेभाजी माकडे एरवी आवडीने खातात. पडदा दूर होताच माकड धावले, त्याने नेमका तोच पेला उचलला, हात पुढे केला आणि तो तसाच खाली घेतला. त्याने पानाकडे पाहिले, पेल्याच्या आतबाहेर, मागेपुढे शोध घेतला. कधी कधी तर ते प्रयोगकर्त्याकडे वळून रागाने किंचाळलेही. पान तेथेच पडून राही. तेच पान देखत लपविले असते, तर त्याने खुशाल खाल्ले असते. म्हणजे माकडाच्या मनात ‘काहीतरी खाद्य’ अशी मोघम कल्पना नव्हती. त्याला केळे हवे होते, कारण त्याने केळे पाहिले होते.

त्याच वर्षी एलियट या संशोधकाने उंदरांवर केलेला प्रयोग याला पूरक आहे. उंदरांच्या एका गटाला व्यूहातून वाट काढून शेवटी पोहोचल्यावर कोंड्याची ओलसर आंबोण मिळे, दुसऱ्या गटाला सूर्यफुलाच्या बिया. पहिला गट अधिक चांगला शिकला. नऊ दिवसांनंतर पहिल्या गटालाही बियाच देण्यास आरंभ केला. वाट तीच, उंदीर तेच. परंतु त्यांच्या चुका वाढल्या, वेळ वाढला आणि आरंभापासून बियांवर समाधानी असलेल्या गटापेक्षाही ते मागे पडले.

हा जो ‘पेक्षाही’ आहे, त्याकडे आपण लक्ष द्यावे. साधा हिशोब असा, की बक्षीस कमी झाले म्हणजे उत्साह कमी होऊन तेवढ्याच बक्षिसावर आरंभापासून असलेल्यांच्या पातळीवर येऊन थांबावा. १९४२ साली क्रेस्पी यांनी हा हिशोब तपासून पाहिला. सरळ मार्गिकेच्या टोकाला ठेवलेल्या अन्नासाठी उंदीर किती वेगाने धावतात, हे त्यांनी मोजले. काही उंदरांना अन्नाचे २५६ लहान भाग मिळत, काहींना १६, काहींना अवघा १. मग सर्वांनाच १६ भाग देण्यास आरंभ केला. ज्यांना १ मिळत होता ते, नेहमी १६ मिळणाऱ्यांहूनही वेगाने धावू लागले. ज्यांना २५६ मिळत होते ते नेहमी १६ मिळणाऱ्यांहूनही मंद झाले. क्रेस्पी यांनी या दोन परिणामांना उल्हास आणि विषाद अशा अर्थाची नावे दिली. पुढील संशोधकांना उल्हासाचा परिणाम तितक्या खात्रीने मिळाला नाही. विषादाचा मात्र वारंवार मिळाला. सोळा भागांचे मोल सोळा भागांत नसते. आधी काय मिळत होते, यावर ते ठरते.

पुढे चार्ल्स फ्लॅहर्टी यांनी हाच प्रश्न अनेक वर्षे चिकाटीने तपासला. ते उंदरांना काही दिवस ३२ टक्के साखरेचे पाणी देत आणि मग एकदम ४ टक्क्यांचे. ४ टक्क्यांचे पाणीही गोडच असते, आणि ज्यांना दुसरे काही ठाऊक नाही ते उंदीर ते आवडीने पितात. परंतु ज्यांनी ३२ टक्क्यांची चव घेतली होती, ते त्याला जेमतेम तोंड लावीत. काही दिवसांत त्यांचे पिणे हळूहळू पूर्ववत होई. यात एक सूक्ष्म गोष्ट आढळली. चिंता शमविणारे एक औषध पहिल्या दिवशी दिले तर त्याचा उपयोग होत नसे. दुसऱ्या दिवशी दिले तर विषाद कमी होई. शरीरातील ताणाशी निगडित असलेले संप्रेरकही पहिल्या दिवशी वाढलेले आढळत नसे, दुसऱ्या दिवशी आढळे. याचा अर्थ असा लावला जातो, की पहिला दिवस शोधाचा असतो. गोड पाणी गेले कोठे, हे उंदीर धुंडाळीत असतो. ते गेले, हे कळल्यानंतरच त्याला दुःख होते.

आता गाईने निखळविलेल्या कडीकडे वळू. १९५२ साली ॲब्रॅम ॲम्सेल आणि त्यांचे सहकारी रूसेल यांनी एकापुढे एक अशा दोन मार्गिका जोडल्या. उंदीर पहिलीच्या टोकाला पोहोचला की त्याला अन्न मिळे, मग दुसरी मार्गिका उघडे आणि तिच्या टोकालाही अन्न मिळे. हे पक्के झाल्यावर त्यांनी पहिल्या ठिकाणचे अन्न अधूनमधून देण्याचे थांबविले. ज्या खेपेस पहिल्या ठिकाणी रिकामे भांडे दिसे, त्या खेपेस उंदीर दुसऱ्या मार्गिकेतून अधिकच वेगाने धावे. वैफल्याने अंगातील जोर वाढतो, असा त्याचा अर्थ झाला. त्यावर कोणी म्हणेल, की तो केवळ अधिक भुकेला असेल. १९५९ साली ॲलन वॅग्नर यांनी या आक्षेपाचे निरसन केले. पहिल्या ठिकाणी ज्यांना कधीच अन्न मिळाले नव्हते, असे उंदीर त्यांनी तुलनेसाठी घेतले. ते भुकेले होते, पण तसे धावले नाहीत. ज्याला कधी दिलेच नाही, त्याला न देण्याने हा त्रागा होत नाही.

हा त्रागा केवळ धावण्यापुरता राहत नाही. १९६६ साली ॲझ्रिन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना चोचीने एक कळ टिपून दाणे मिळविण्यास शिकविले. पेटीच्या दुसऱ्या बाजूस एक कबूतर बांधून ठेवलेले असे; त्याचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. कळ टिपूनही दाणे येईनासे झाले, की पहिले कबूतर त्या निरपराध जातभाईवर तुटून पडे. कचेरीतला राग घरी आणणाऱ्यांनी या कबुतराला हसण्यापूर्वी थोडा विचार करावा.

सर्व प्राणी असे वागतात काय? नाही, आणि हे सांगणे आवश्यक आहे. बिटरमन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९६७ साली सुवर्णमत्स्यांवर प्रयोग केले. मोठे बक्षीस एकाएकी लहान केले, तरी मासे पूर्वीच्याच वेगाने येत राहिले. विषादाचा मागमूस दिसला नाही. उलट त्याच बिटरमन यांना पुढे १९७६ साली मधमाश्यांत तो स्पष्ट दिसला. दाट साखरपाण्याची सवय झालेल्या माशीला पातळ पाणी दिले, की ती ते पिता पिता मध्येच थांबे, उडे आणि पुन्हा येई. मासा पाठीच्या कण्याचा, माशी कीटक. तरी निराशा माशीला ठाऊक असावी आणि माशाला नसावी, हे आश्चर्य आहे. उच्चनीच प्राण्यांची जी शिडी आपण मनात धरून असतो, ती निसर्गाने मान्य केलेली नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

मेंदूत काय घडते, याचाही उलगडा बराचसा झाला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींची स्पंदने नोंदविली. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, की त्या पेशी जोराने स्पंदन पावत. रसापूर्वी दिवा लागतो हे माकड शिकले, की तेच स्पंदन दिवा लागताच होई आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी स्तब्ध राहत. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या ज्या क्षणी तो यावयाचा, त्या क्षणी त्यांची नेहमीची मंद स्पंदनेही खाली जात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह १९९७ साली त्यांनी याची जी मांडणी केली, तिचा सारांश असा, की या पेशी मिळालेल्याची नोंद करीत नाहीत. मिळाले आणि अपेक्षिले यांतील अंतराची नोंद करतात. आमच्या गाईच्या मेंदूत कोणी यंत्र बसविले नव्हते. परंतु सकाळी नऊ वाजता आमच्या बंद दारापुढे असेच काही घडले असल्यास नवल नाही.

आता एका प्रसिद्ध प्रयोगाविषयी सांगून सावधगिरीचा एक शब्द बोलतो. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कापुचिन जातीच्या माकडांना खडा परत करून काकडीचा तुकडा मिळविण्यास शिकविले. शेजारच्या माकडाला त्याच कामाबद्दल द्राक्ष मिळताना दिसले, की पहिले माकड काकडी नाकारू लागे. माकडालाही न्यायान्याय कळतो, असा याचा गाजावाजा झाला. परंतु २००६ साली इतर संशोधकांनी दाखविले, की यापूर्वी स्वतःला द्राक्ष मिळालेले आहे आणि आता काकडी मिळते, एवढ्यावरूनही या नकाराचा अर्थ लावता येतो. म्हणजे तो मत्सर किंवा न्यायबुद्धी नसून क्रेस्पींच्या उंदराचाच विषाद असेल. हा वाद पुढेही चालत राहिला. तात्पर्य, प्राण्याच्या वागण्यात आपले मन वाचण्याची घाई करू नये, आणि त्याला मनच नाही असे म्हणण्याचीही करू नये.

गाईची हकीकत येथे संपली असती. परंतु अजून एक प्रकार उरला आहे, आणि व्यवहारात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अन्न नेहमी दिले तर काय होते आणि देणे बंद केले तर काय होते, हे आपण पाहिले. पण कधी दिले, कधी दिले नाही, तर?

याचा शोध थोडा गमतीने लागला. बी. एफ. स्किनर हे तरुणपणी उंदरांसाठी अन्नाच्या गोळ्या स्वतः हाताने तयार करीत. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशोब केला, तेव्हा सोमवारपर्यंत गोळ्या पुरणार नाहीत असे दिसले. काटकसर म्हणून त्यांनी दर वेळी कळ दाबल्यावर गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच देण्याचे ठरविले. उंदीर कंटाळून थांबेल असे वाटावे. तो थांबला नाही, नेमाने कळ दाबीत राहिला. पुढे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली या विषयावर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. अन्न अनियमितपणे मिळत असले, की ते पूर्ण बंद झाल्यावरही प्राणी फार काळ प्रयत्न सोडीत नाही. रोज मिळणाऱ्याला आज मिळाले नाही, हे लगेच कळते आणि तो लवकर आशा सोडतो. कधीमधी मिळणाऱ्याला आजचे न मिळणे हे नेहमीच्या न मिळण्यासारखेच वाटते. ॲम्सेल यांच्या मते तो निराशेतही चालत राहण्यास शिकलेला असतो.

जेवताना पानापाशी येणाऱ्या कुत्र्याला ‘एखाद्या वेळीच’ तुकडा टाकणारी मंडळी येथे असतील. त्यांनी समजावे, की ती सवय त्यांनीच पक्की केली आहे. हट्ट करणाऱ्या मुलाला नऊ वेळा ‘नाही’ म्हणून दहाव्या वेळी खाऊ देणारे आईबापही तेच करतात. लॉटरीचे तिकीट आणि हातातल्या दूरध्वनीचा पडदा पुनःपुन्हा उजळून पाहण्याची आजची खोड, यांचे बळही पुष्कळसे यातच आहे.

बंधुभगिनींनो, आता जे सांगणार आहोत ते शास्त्रातले नाही. परंतु त्यासाठीच हा विषय निवडला, हे कबूल केले पाहिजे. या गावी नोकरीस आलो, तेव्हा आम्ही दर रविवारी आईला पत्र लिहीत असू. ते तिला बुधवारी किंवा गुरुवारी मिळे. पुढे संसार वाढला, कामे वाढली. पत्र कधी लिहिले जाई, कधी राहून जाई. एका सुटीत गावी गेलो असता वाटेत पोस्टमन भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, “दादा, आई आता रोजच ओट्यावर असतात. पूर्वी बुधवार-गुरुवारीच असायच्या.”

त्याने तक्रार केली नव्हती. आईने तर कधी शब्दही काढला नाही. परंतु त्या एका वाक्यात जे होते, त्याचे आलेख आम्ही वर्गातील फळ्यावर कित्येक वर्षे काढीत होतो. पत्र येणारच नाही असे ठरले असते, तर आईने कदाचित मन आवरले असते. ठरल्या दिवशी येत असते, तर उरलेले पाच दिवस तिचे स्वतःचे राहिले असते. कधीमधी येणाऱ्या पत्राने तिचे सगळे दिवस घेतले. त्यानंतर आई होती तोवर रविवारचे पत्र चुकले नाही. मजकूर पुष्कळदा चार ओळींचाच असे. पण तिचा ओट्यावरचा मुक्काम पुन्हा दोन दिवसांवर आला, असे त्या पोस्टमननेच पुढल्या खेपेस सांगितले.

उंदरावरून माणसाविषयी सिद्धांत काढणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि आई काही प्रयोगातली नव्हे. तरीही एवढे म्हणण्यास हरकत नसावी, की जो दुसऱ्याच्या मनात अपेक्षा उत्पन्न करतो, तो त्याचा ऋणकरी होतो. लोपबुरी या थायलंडमधील नगरात पर्यटक माकडांना हौसेने खाऊ घालीत. २०२० च्या मार्च महिन्यात महासाथीमुळे पर्यटक येईनासे झाले, तेव्हा शेकडो माकडे भर रस्त्यात एकमेकांशी झुंजताना जगाने पाहिली. २०२४ साली तेथील अधिकाऱ्यांना माकडे पकडण्याची मोहीमच काढावी लागली. खाऊ घालणारे केव्हाच आपापल्या घरी गेले होते. रानातल्या प्राण्याला घास न लावणे, हीच त्याच्यावर दया होय. आणि दारच्या प्राण्याला लावावयाचा, तर आपल्या गैरहजेरीची सोय करूनच लावावा. त्या उन्हाळ्यानंतर आम्ही गावी जाताना कणकेचा डबा शेजारी ठेवून जात असू.

शेवटी आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करून आपली रजा घेतो. २००८ साली इंग्लंडमधील बर्मन, मेंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना प्रथम ऐसपैस, निवाऱ्याच्या आणि खेळण्याबागडण्याच्या सोयींनी भरलेल्या पिंजऱ्यांत ठेवले. मग त्यांतील काहींना तेथून काढून साध्या, ओक्याबोक्या पिंजऱ्यांत नेले. पुढे दोन्ही गटांचे बक्षीस एकाएकी कमी केले. निराश दोन्ही गट झाले. परंतु भरल्या घरात राहिलेले उंदीर लवकर सावरले; घर सुटलेल्यांची निराशा अधिक काळ टिकली.

आपण सारे घर सोडून आलेली माणसे आहोत. ठरलेली बढती मिळत नाही, लावलेली आशा फळत नाही, हे येथे प्रत्येकाच्या वाट्याला येते. अशा वेळी गणपतीच्या आरतीला, कोजागरीच्या दुधाला, संक्रांतीच्या तिळगुळाला हे सभागृह ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी उघडे असते. या पन्नास वर्षांत ते कधी अधूनमधून उघडले नाही; नेमाने उघडले. ज्या कार्यकर्त्यांनी हा नेम चुकू दिला नाही, त्यांनी आपल्याला काय दिले, हे उंदरांच्या आणि माकडांच्या साक्षीने सांगावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच केला.